गढूळ राहिलेली नळी

मॅडम, नमस्कार. मी काटोलजवळच्या एका गावची. नागपुरात रसायनशास्त्रात पीएचडी करते, चौथं वर्ष सुरू आहे. पेशीच्या पडद्यातली प्रथिनं डिटर्जंट न वापरता बाहेर काढता यावीत म्हणून मी स्टायरीन आणि मॅलेइक आम्लाची पॉलिमर बनवते. त्यात थोड्या ठिकाणी अमाइन जोडून बघते. पॉलिमर नीट बनतात, रचना तपासणारे एनएमआर चांगले येतात. पण दुसऱ्या विभागातून मिळालेल्या, ई. कोलाय या जिवाणूच्या मेम्ब्रेनमध्ये (म्हणजे पेशीच्या पडद्यांत) ते घातलं की नळी गढूळच राहते, तळाशी पांढरा साका बसतो आणि जेलवर प्रथिनाचा पट्टा दिसत नाही. अकरा वेळा केलं. सर म्हणतात, बायोलॉजीतलं मला कळत नाही, तू बघ. बायोलॉजीवाले म्हणतात, तुझं पॉलिमरच काम करत नसेल. मागच्या महिन्यात युरोपातल्या एका गटाचा जवळपास असाच पेपर आला. बाबा बागेतून फोन करतात आणि विचारतात, ‘अजून किती दिवस शिकून राहिली तू? अन् करते काय तिथं नेमकं?’ मला सांगता येत नाही. बुटीबोरीच्या एका कंपनीत क्वालिटी कंट्रोलची नोकरी मिळते आहे. सोडू का पीएचडी? प्रयोगाच्या कृतीची दोन पानं सोबत जोडली आहेत.

– एक वाचक, नागपूर

प्रिय मुली,

नोकरीचं नंतर बोलू. तू जोडलेली दोन पानं मी आधी वाचली, आणि मला वाटतं की सोडायचं की नाही हे ठरवण्याआधी तुला एक नळी बघायची आहे.

दुसऱ्या पानावर, पेशी फोडण्याच्या पायरीत लिहिलंय : डीएनेझ आणि १० मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराईड. पुढे मेम्ब्रेनचा गोळा त्याच बफरमध्ये कालवून तुझ्याकडे येतो. हे देणाऱ्यांनी काही चूक केलेली नाही. पेशी फुटली की आतल्या डीएनएमुळे सगळा रस शेंबडासारखा चिकट होतो, तो तोडायला डीएनेझ लागतं आणि डीएनेझला मॅग्नेशियम लागतं. डीडीएमसारखं डिटर्जंट वापरणाऱ्याला त्या मॅग्नेशियमचा काही त्रास नसतो, म्हणून त्यांच्या कृतीत ते वर्षानुवर्षं बिनबोभाट राहिलं. तुझ्या पॉलिमरच्या साखळीवर मात्र ओळीनं कार्बॉक्सिलेट बसलेले आहेत. दोन धनभार असलेला मॅग्नेशियमचा आयन त्यांना धरतो, साखळ्या एकमेकींना बांधल्या जातात आणि पॉलिमर पाण्यातून बाहेर पडतं. साधं एसएमए, म्हणजे स्टायरीन आणि मॅलेइक आम्लाचं पॉलिमर, काही मिलिमोलरच्या पुढे मॅग्नेशियम किंवा कॅल्शियम सहन करत नाही. बोअरच्या जड पाण्यात साबणाला फेस येत नाही आणि बादलीला पांढरा थर बसतो, त्यातला रसायनाचा भाग हाच आहे. तुझा पांढरा साका माझ्या अंदाजानं मेम्ब्रेनचा नाहीच. तो तुझ्या पॉलिमरचा आहे.

अंदाज तपासायला दहा मिनिटं पुरतात. एका नळीत तो बफर घे, मेम्ब्रेन अजिबात घालू नकोस, फक्त तुझं पॉलिमर घाल. दुसऱ्या नळीत तोच बफर, मॅग्नेशियमशिवाय. पहिली गढूळ झाली आणि दुसरी नितळ राहिली, तर अकरा प्रयोगांचं उत्तर तुझ्या हातात आलं. त्यानंतर मेम्ब्रेनचा गोळा मॅग्नेशियम नसलेल्या बफरमध्ये दोनदा धुऊन घ्यायचा. धुताना धातूचे आयन धरून ठेवणारं ईडीटीए थोडं घातलंस तर पुढे प्रथिन शुद्ध करायला निकेलच्या कॉलमवर जाण्याआधी ते पूर्ण निघालं पाहिजे, नाहीतर ते कॉलमवरचं निकेलच उचलून नेईल. आणि पॉलिमर घातल्यावर पीएच पुन्हा मोज. बाटलीवर लिहिलेला पीएच म्हणजे नळीतला पीएच नव्हे. साधारण साडेसहाच्या खाली एसएमएचे कार्बॉक्सिलेट आपला भार गमावू लागतात आणि पुन्हा तोच पांढरा साका दिसतो, फक्त कारण वेगळं असतं.

दोन्ही नळ्या नितळ राहिल्या तर माझा अंदाज चुकला. तरीही तुझं काही वाया जाणार नाही, कारण तू पहिल्यांदाच एका वेळी एकच गोष्ट बदललेली असेल. तुझ्या पानांमध्ये मला खरी उणीव दिसली ती ही. अकराही वेळा पॉलिमर नवं, मेम्ब्रेन दुसऱ्यांची, प्रथिन अनोळखी. तीन अज्ञात गोष्टी एकाच नळीत घातल्या आणि ती गढूळ राहिली, तर दोष कुणाचा हे कुणालाच सांगता येत नाही. मग सर म्हणतात बायोलॉजी, आणि बायोलॉजीवाले म्हणतात पॉलिमर. दोघंही प्रामाणिकपणे बोलतायत, पण कुणापाशीही पुरावा नाही. तो पुरावा तयार करणं हेच तुझं काम आहे.

त्यासाठी प्रथिनाची गरजच नाही. डीएमपीसी नावाचं लिपिड, म्हणजे पेशीचा पडदा ज्यांचा बनतो तसा एक स्निग्ध पदार्थ, थोडंसं मागव. ते पाण्यात कालवलं की दुधासारखं दिसतं. २४ अंशांच्या वर ते मऊ, प्रवाही अवस्थेत असतं, आणि त्यात चांगलं एसएमए घातलं की ते दूध डोळ्यांदेखत, काही मिनिटांत नितळ होतं. साध्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवर गढूळपणा किती वेगानं उतरतो ते मोजता येतं आणि कणांचा आकार मोजणाऱ्या डीएलएसवर, पॉलिमरनं कडेनं बांधलेल्या लिपिडच्या दहा नॅनोमीटरच्या आसपासच्या चकत्या दिसायला हव्यात. ही दोन्ही यंत्रं नागपुरात मिळतील, त्यासाठी पुण्या-मुंबईला जायला नको. शेजारच्या नळीत बाजारातलं, स्टायरीन आणि मॅलेइक आम्ल दोनास एक प्रमाणात असलेलं एसएमए ठेव : तोच दिवस, तोच बफर, तेच लिपिड. तुझं पॉलिमर बाजारातल्यापेक्षा हळू चालतं, जोरात चालतं की चालतच नाही, हे तिथं कळेल, आणि ते वाक्य तू कुणाच्याही मदतीशिवाय, ठामपणे लिहू शकशील.

एक सूचना इथल्या हवेबद्दल. तुझ्या पानांवर सगळीकडे ‘रूम टेंपरेचर’ लिहिलंय. इंग्लंडात बर्मिंगहॅममधल्या प्रयोगशाळेचं रूम टेंपरेचर आणि मे महिन्यात कूलर बंद पडलेल्या नागपूरच्या प्रयोगशाळेचं रूम टेंपरेचर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लिपिडची अवस्था तापमानावर ठरते, पॉलिमर किती वेगानं शिरतं तेही तापमानावर ठरतं. नळीशेजारी थर्मामीटर ठेव आणि आकडा लिही. जेलच्या बाबतीतही सांभाळ. स्टायरीनचं वलय अतिनील प्रकाश शोषतं, त्यामुळे प्रथिन मोजायला २८० नॅनोमीटरला जे वाचन घेतात त्यात प्रथिन किती आणि तुझं पॉलिमर किती हे वेगळं करता येत नाही. तू दोन ठिकाणी त्या वाचनावरून प्रथिन ‘आहे’ असं धरलंस आणि मग जेलवर ते शोधत बसलीस. कदाचित तिथं सुरुवातीपासूनच काही नव्हतं.

आता बाबांचा प्रश्न. तू त्याला गौण समजतेस असं पत्रावरून वाटलं, पण मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण बाबांना जे सांगता येत नाही ते बहुतेक वेळा स्वतःलाही नीट कळलेलं नसतं.

तुझ्या बाबांनी नर्सरीतून संत्र्याची रोपं आणली असतील, जंबेरीच्या खुंटावर डोळा भरलेली. रोप काढताना ते नुसतं हिसकून उपटलं तर मातीत घट्ट बसलेली केसासारखी मुळं तुटतात. वरून रोप हिरवंच दिसतं, पण आठवड्यात मान टाकतं. म्हणून जाणता माणूस मुळाभोवतीच्या मातीच्या गोळ्यासकट रोप काढतो आणि नव्या खड्ड्यात ठेवेपर्यंत तो गोळा फुटू देत नाही. पेशीच्या पडद्यातलं प्रथिन म्हणजे ते रोप. त्याच्या भोवतीची लिपिडं म्हणजे माती. डिटर्जंट प्रथिनाला मातीतून उपटून काढतं. पुष्कळ प्रथिनं ते सहन करतात, पण कित्येक मान टाकतात : आकार बदलतो, काम थांबतं, आणि मग आपण ज्याचा अभ्यास करतो ते जिवंत पेशीतलं प्रथिन उरत नाही. तुझं पॉलिमर प्रथिनाला भोवतालच्या लिपिडांसकट कापून काढतं आणि कडेनं पट्टा बांधतं, माती सांडू नये म्हणून. बाबांना एवढं सांग. ते दुसऱ्या मिनिटाला तुला विचारतील, ‘मग गोळा फुटतो कुठं?’ आणि हाच तुझ्या प्रबंधाचा प्रश्न आहे.

हे करायचं कशाला, असंही ते विचारतील. आज वापरात असलेल्या औषधांपैकी निम्म्याहून अधिक औषधं पेशीच्या पडद्यातल्या प्रथिनांवर काम करतात. तर्री पोहे खाताना, भिवापुरी मिरचीचा ठसका लागताना जिभेवर जो जाळ होतो, तो टीआरपीव्ही१ नावाच्या अशाच एका प्रथिनामुळे. मिरचीतलं कॅप्सेसिन त्याचं दार उघडतं, आणि साधारण ४३ अंशांच्या वरची उष्णताही तेच दार उघडते. म्हणून तिखटाची आणि भाजण्याची जाणीव सारखी असते. २०१३ साली क्रायो-इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपनं या प्रथिनाची रचना जवळजवळ अणूंच्या पातळीवर दिसली, आणि तेव्हा त्याला पाण्यात धरून ठेवणारं द्रव्य डिटर्जंट नव्हतं. ते पॉलिमर होतं, ए८-३५ नावाचं अँफिपॉल. प्रथिन आधी डिटर्जंटनं काढलं आणि मग पॉलिमरच्या हवाली केलं. हे प्रथिन शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं. रचनेचं ते चित्र सगळ्यांना माहीत आहे. मला मात्र दर वेळी ते पॉलिमर बनवणारे रसायनशास्त्रज्ञ आठवतात. तू त्यांच्या जातकुळीची आहेस.

आणि त्याच वाटेनं मी तुझ्या युरोपातल्या पेपरकडे येते. अँफिपॉल पॅरिसच्या गटानं १९९६ साली पुढे आणले. ते प्रथिनाला छान सांभाळत, पण पडद्यातून काढायला आधी डिटर्जंट लागायचंच. ती उणीव भरली एसएमएनं. २००९ साली बर्मिंगहॅमच्या गटानं दाखवलं की हे पॉलिमर थेट पडद्यातून, लिपिडांसकट प्रथिन कापून काढतं. मग एसएमएच्या खोडी दिसू लागल्या : मॅग्नेशियम चालत नाही, आम्ल चालत नाही, अतिनील प्रकाश शोषतं. २०१७ मध्ये जर्मनीतून डीआयबीएमए नावाचं पॉलिमर आलं. त्यात स्टायरीनचं वलयच नाही, त्यामुळे २८० चं वाचन स्वच्छ, आणि कॅल्शियम-मॅग्नेशियमही ते पुष्कळ सहन करतं. पण ते मवाळ आहे, काही ठिकाणी एसएमएइतकं प्रथिन काढत नाही. यातल्या कुणीही आधीच्याला संपवलं नाही. आजही लोक एकाच प्रथिनासाठी चार पॉलिमर शेजारी शेजारी लावून बघतात, कारण कुठलं चालेल हे आधी सांगणारा नियम अजून कुणाकडे नाही. तुझ्यासारखंच पॉलिमर दुसऱ्या कुणी केलं, याचा अर्थ प्रश्न खरा आहे. त्यांच्या पेपरात अमाइनची किती प्रमाणं तपासली आहेत ते बघ. दोन-तीनच असतील तर तुझ्या कपाटात ठेवलेल्या नऊ बॅचेस ही मोठी गोष्ट आहे. एक मालिका, एकच मोजमाप, आणि ‘इथपर्यंत चालतं, इथून पुढे चालत नाही, कारण हे’ असं सांगणारी एक आकृती. या विषयात अशी आकृती मौल्यवान असते. चांगलं प्रथिन मिळालं तर ते शेवटचं प्रकरण होईल. नाही मिळालं, तरी प्रबंध उभा राहतो.

जाता जाता एक. हे पॉलिमर परदेशी आहे असं मनात धरू नकोस. त्याची आधीची अवस्था, स्टायरीन मॅलेइक अनहायड्राइड, आयआयटी खरगपूरच्या सुजॉय कुमार गुहा यांनी १९७० च्या दशकापासून पुरुषांच्या गर्भनिरोधकासाठी हाताळलं. शुक्रवाहिनीत टोचलेलं ते पॉलिमर शुक्राणूंच्या पडद्यालाच बाधा करतं. भारभरल्या पॉलिमरचं आणि पेशीच्या पडद्याचं नातं आपल्याकडे पन्नास वर्षांपासून अभ्यासलं जातंय. प्रस्तावनेत हा परिच्छेद जरूर घाल, परीक्षकाला आवडेल म्हणून नव्हे, तो खरोखर तुझ्या विषयाचा पूर्वज आहे म्हणून.

सरांबद्दल. ‘बायोलॉजीतलं मला कळत नाही’ हे वाक्य तुला लागलं, हे समजू शकते. पण असं मोकळेपणानं सांगणारा गाइड मिळणं वाईट नाही. न कळणाऱ्या गोष्टीत मत देणारे गाइड मी पाहिलेत, त्यांच्या विद्यार्थ्यांचं नुकसान जास्त झालं. तुझी चूक इतकीच की तू ते वाक्य ऐकून परत आलीस. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत दुसऱ्या विभागातला किंवा दुसऱ्या संस्थेतला सहमार्गदर्शक घेण्याची सोय आहे, आणि दर सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडायची असते ती याच कामासाठी. पुढच्या बैठकीत लेखी माग : जीवरसायनातला सहमार्गदर्शक, आणि विषयाच्या शीर्षकात प्रथिनाऐवजी पॉलिमरची रचना मध्यभागी आणणारा बदल. मागताना दोन नळ्यांचा फोटो समोर ठेव. समितीला भावना कळायला वेळ लागतो, नितळ आणि गढूळ लगेच कळतं.

त्याआधी ज्यांनी मेम्ब्रेन दिली त्या विभागात जा. फोन नको, स्वतः जा, आणि एक दिवस त्यांच्यासोबत पेशी फोडण्यापासून सेंट्रिफ्यूजपर्यंत उभी राहा. मला खात्री आहे की मॅग्नेशियमची गोष्ट त्यांना कुणी विचारलीच नाही म्हणून त्यांनी सांगितली नाही, आणि पॉलिमरला ती चालत नाही हे तुझ्याकडून त्यांना कळलं नाही म्हणून ती बदलली नाही. अमरावती रोडवर दोन विभागांमध्ये चालत पाच मिनिटांचं अंतर असतं, आणि तेवढ्या अंतरात एका मुलीची दोन वर्षं हरवतात. याचा मला राग येतो, आणि तो तुझ्यावर नाही.

आता नोकरी. वेळेची बाजू आधी. नियमांत पीएचडीला सहा वर्षांची मुदत आहे, आणि महिला संशोधकांना त्यापुढे आणखी दोन वर्षांची सवलत मिळू शकते. म्हणजे चौथ्या वर्षी तू उशिरात नाहीस. पैशाची बाजू वेगळी आहे. जेआरएफ-एसआरएफ धरून फेलोशिप पाच वर्षंच चालते. तुझ्याकडे ती असेल तर शेवटचा हप्ता कधी येणार ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेव, आणि नसेल तर घरचे किती महिने साथ देऊ शकतात हे बाबांना सरळ विचार. संत्र्याच्या बागेला फळ धरायला पाच-सहा वर्षं लागतात हे त्यांना माहीत आहे. त्यांना वाट बघण्याचं भय नसावं, नेमकी कशाची वाट बघतोय हे माहीत नसण्याचं असावं.

सोडणं वाईट असतं असं मी म्हणणार नाही. माझा एक विद्यार्थी चौथ्या वर्षी सोडून गेला, आज तो बुटीबोरीलाच रंगांच्या कारखान्यात आहे आणि त्याचं काम त्याला आवडतं. पण तो गेला तेव्हा त्याचे प्रयोग चालत होते. त्याला ते करायचे नव्हते. तुझ्या पत्रात मला तसं दिसत नाही. पॉलिमरबद्दल लिहिताना तुझी वाक्यं सरळ येतात, प्रथिनाबद्दल लिहिताना अडखळतात. तू पॉलिमरची आहेस. अडली आहेस ती दुसऱ्याच्या कृतीतल्या एका ओळीवर, आणि ती ओळ पुसता येते.

म्हणून माझं मत : आज सोडू नकोस. कंपनीला रुजू होण्याची तारीख दोन महिन्यांनी पुढे मिळेल का, ते विचार. मिळाली तर उत्तम. नाही मिळाली, तर ती नोकरी जाऊ दे. क्वालिटी कंट्रोलची जागा बुटीबोरीत पुन्हा निघेल, नऊ बॅचेसची ही मालिका पुन्हा कुणी करणार नाही. या दोन महिन्यांत डीएमपीसीची आकृती पूर्ण कर, धुतलेल्या मेम्ब्रेनवर एकदा, फक्त एकदा, नीट प्रयोग कर. त्यानंतर नळी नितळ असूनही सकाळी प्रयोगशाळेत जायची इच्छा होत नसेल, तर मला पुन्हा लिही. तेव्हा मी वेगळं उत्तर देईन आणि ते मनापासून देईन.

त्या दोन नळ्यांचं काय झालं ते मात्र कळव. कळवताना पीएच आणि तापमान लिही.

तुझी,
मॅडम